मिठाची पालथी वाटी

"हसायचंय ना, मग जवळ येऊन हसा. तिथून मी नीट दिसत नाही."

हे वाक्य आमच्या गल्लीतल्या बेकरीच्या थोरल्या वहिनींचं. त्या ते रागानं म्हणत नसत, लाडानंही नाही. 'आज वारा सुटलाय' असं कुणी म्हणावं, तशा म्हणायच्या. ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची. जवळ जावं तर हसू वाटेतच ओसरायचं, लांब राहावं तर आपणच घाबरलो असं दिसायचं. मग तो माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि हातातली पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचा. असे उभे राहिलेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ मला अजून उकललेला नाही, आणि वहिनींचं सांगायचं तर त्या स्वतःच त्या गोंधळात सगळ्यांत पुढं होत्या.

बेकरी दोघा भावांची. लांबोळकी खोली, पुढं दुकान, मधे काथवट, मागं भट्टी. काथवट म्हणजे कणीक मळायचं अखंड लाकडाचं पात्र, एखादा माणूस आत आडवा झोपेल एवढं. थोरले तिथं उभे राहून हातानं कणीक मळायचे, धाकटे विक्री बघायचे. थोरल्यांच्या कोपरांनी काथवटीच्या काठाला दोन खळगे पडले होते, नदीकाठच्या दगडाला पडतात तसे गुळगुळीत. वहिनी आणि त्यांची धाकटी जाऊ काउंटरवर बसायच्या.

थोरले गेले. त्यानंतर एका पहाटे धाकटे आत येतात तो वहिनी नवऱ्याचा एप्रन बांधून काथवटीपाशी उभ्या.

"वहिनी, हे काय?"

"कणीक," वहिनी म्हणाल्या.

 मनातून धाकट्यांना एखादा दणकट माणूस ठेवायचा होता. पण भावजयीला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून ते "बघू थोडे दिवस" असं म्हणाले. ते थोडे दिवस किती, हे कुणीच बोललं नाही. वहिनींना मात्र ती जागा जिवापाड हवी होती. काउंटरवर त्या कुणाच्या तरी बायको होत्या, कुणाच्या तरी भावजय होत्या. काथवटीत कोपरापर्यंत हात घातले की त्या कुणाच्याच कुणी नसायच्या, आणि ते त्यांना बरं वाटायचं. असं का वाटतं हे त्यांना सांगता यायचं नाही.

आता मिठाचं सांगतो, कारण सगळं त्यावरूनच झालं. पावाच्या कणकेत मीठ आधी घालत नाहीत. आधी पीठ, पाणी, खमीर. मग ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं. कणीक फुगून वर आली की मग मीठ. आधीच घातलं तर खमीर दबतं आणि कणीक दुखणेकऱ्यासारखी पडून राहते. म्हणजे मीठ घालायची वेळ कामाच्या ऐन मधे येते. तेव्हा पत्र्यांना तेल लावायचं असतं, पाणी आणायचं असतं, दुकानातून कुणी हाका मारत असतं. विसरायला याहून सोयीची वेळ नाही. म्हणून थोरल्यांनी रीत घालून दिली होती. आल्या आल्या मीठ वाटीत काढून काथवटीवरच्या फळीवर ठेवायचं. वाटी उताणी म्हणजे मीठ बाकी आहे. मीठ पडलं की वाटी पालथी. आल्यागेल्यानं मान वर करावी आणि समजावं. ही रीत कधी चुकली नव्हती, त्यामुळे तिच्याकडं कुणी संशयानं बघतही नव्हतं.

त्या दिवशी धुराडं साफ करणारा माणूस छपरावर चढला होता. काजळी खाली यायला लागली. वहिनींनी शहाणपणा केला. वाटीतलं मीठ झाकणाच्या डब्यात ओतलं, आणि रिकाम्या वाटीत काजळी पडू नये म्हणून वाटी पालथी घातली. दुसऱ्या कुठल्याही स्वयंपाकघरात यात काही चुकलं नसतं. पण पाणी घेऊन परत आल्या, सवयीनं मान वर केली, आणि वाटी पालथी. म्हणजे मीठ पडलं. आपणच घातलेल्या पालथ्या वाटीचं म्हणणं त्यांनी मुकाट्यानं ऐकलं.

त्या दिवशी सगळ्या गल्लीनं अळणी पाव खाल्ला.

बेकरीत एक भट्टीवाला होता. उंच, हाडकुळा. भट्टीच्या झळांनी त्याच्या भुवया कायमच्या गेलेल्या, त्यामुळे चेहरा सदा नुकतंच काही तरी ऐकल्यासारखा दिसायचा. कामाला वाघ आणि जिभेला त्याहून वाघ. गल्लीतल्या निम्म्या लोकांची टोपणनावं त्यानंच ठेवलेली. त्यानं पहिला पाव तोडला, चावला, थोडा वेळ छताकडं बघितलं आणि म्हणाला, "अळणी वहिनी."

झालं. नाव चिकटलं.

"वहिनी, मीठ घरून आणलंय, नुसता पाव द्या," असं म्हणून एक जण खरंच कागदाची पुडी दाखवायचा. "आमच्या ह्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, आता तुमच्याकडंच पाठवते," असं एक बाई म्हणायच्या आणि मागच्या दोघी तोंडावर हात धरायच्या. भट्टीवाला तर रोज सकाळी नवं काही तरी घेऊन यायचा. वहिनी आपलं ते वाक्य म्हणायच्या, जवळ येऊन हसा म्हणून. पण तोंड जवळ बोलवायचं आणि पाय मागं सरकायचे. हे ज्याच्या लक्षात आलं त्यानं आणखी हसून घेतलं.

आणि मग भीती शिरली. भीती हातात शिरली की हाताचं जुनं शहाणपण जातं. वहिनी कणीक चाखायला लागल्या. मीठ घातलं की चाखायच्या, न घालता चाखायच्या, पत्र्यावर ठेवताना पुन्हा चाखायच्या. चाखून चाखून जीभ बधिर. वाटी पालथी दिसली तरी विश्वास बसेना, ती कुणी पालथी केली, का केली, कधी केली. एका सकाळी मीठ घालून झालं होतं. तेवढ्यात दुकानात कुणी तरी खदखदून हसलं. ते हसणं कशाचं होतं देव जाणे, पण वहिनींना ते आपलंच वाटलं आणि त्यांनी मीठ पुन्हा घातलं.

त्या दिवशीचा पाव लोकांनी पाण्यात बुडवून खाल्ला.

धाकट्यांनी त्यांना बाजूला बोलावलं. आवाज खाली ठेवून बोलले, म्हणून जास्त लागलं. "वहिनी, आणखी एकदा असं झालं तर काथवट सोडा. काउंटरवर बसा. मानानं बसा. माझ्या बघण्यात एक माणूस आहे."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी जाऊबाईंनी विचारलं, "तुम्हाला राग नाही येत हो? त्या भट्टीवाल्याचा तरी?"

"येतो की," वहिनी म्हणाल्या. "येतो, आणि मग तो कुठं ठेवावा ते कळत नाही. घर केवढंसं आहे."



यानंतर जे झालं ते मला जाऊबाईंकडून कळलं, आणि त्यांना वहिनींकडून. एका पहाटे वहिनी नेहमीपेक्षा लवकर गेल्या. भीतीनं झोप लागत नव्हती. मागच्या दाराला हात लावला तर आत बोलण्याचा आवाज. भट्टीवाला एकटाच. भट्टी पेटवून तिच्यासमोर उकिडवा बसला होता आणि भट्टीशी बोलत होता.

"या या अळणी वहिनी, समुद्र आटला वाटतं आज," तो जाड आवाजात म्हणाला. मान हलवली. नाही जमलं. मग बारीक आवाज काढून, "वहिनी, मिठानं तुमचं काय घोडं मारलंय?" पुन्हा मान हलवली. मग तेच जरा थांबून, मधे दम घेऊन. मग सुस्कारा टाकून, "छ्या."

वहिनी दारात उभ्या. आधी त्यांना रडू आलं. आपण झोपेतून उठून घाबरत यायचं आणि ह्या माणसानं इथं बसून जिभेला धार लावायची. पण रडता रडता भलतंच काही तरी मनात आलं. नवरा गेल्यापासून आपल्यासाठी इतक्या पहाटे उठून कुणी इतकी मेहनत घेतलेली त्यांना आठवेना. हा विचार चांगला की वाईट, हे त्यांना ठरवता येईना. तो काही केल्या जाईना.

त्या आत गेल्या. "दुसरं बरं होतं," म्हणाल्या.

"कोणतं?" भट्टीवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

"घोड्याचं. फक्त 'वहिनी' नंतर म्हणा. आधी घोडं येऊ दे."

भट्टीवाला उठून उभा राहिला. त्याला भुवया असत्या तर त्या वर गेल्या असत्या.

"दादा, एक काम कराल?" वहिनी म्हणाल्या. "रोज म्हणताच तुम्ही. म्हणाच. पण वेळ माझी. कणीक वर आली की मी हाक मारीन, तेव्हा म्हणा. म्हणजे मीठ घालायचं राहणार नाही, आणि दोनदाही पडणार नाही. वाटीचं काय खरं नाही. तुम्ही एकदाच म्हणाल ना?"

"तुम्ही माझी थट्टा करताय का वहिनी?"

"नाही हो. थट्टा तुम्ही करायची. मी मीठ घालायचं."

त्याला नाही म्हणायला कारण सापडेना. त्या सकाळी कणीक फुगून फडक्याला टेकली. वहिनींनी हाक मारली, "दादा, म्हणा." भट्टीवाला पत्रे आत सारायची लांब दांड्याची फळी हातात धरून ओशाळल्यासारखा म्हणाला, "मिठानं काय घोडं मारलंय तुमचं, वहिनी?" वहिनी मनापासून हसल्या, मीठ घातलं, वाटी पालथी केली. पाव चांगला झाला. दुसऱ्या दिवशीही झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाखणं सोडलं. पाय मागं सरकायचे थांबले. गिऱ्हाईक पुडी घेऊन आलं तर त्या काउंटरच्या पलीकडून येऊन पुडी बघायच्या, "बारीक आहे हो तुमचं मीठ, कुठून घेता?" म्हणून खरंच विचारायच्या. माणूस पुडी खिशात घालून चालू लागायचा. घरी जाईपर्यंत त्याला कळायचं नाही की कुणाची जिरली, का कुणाचीच नाही.

पण भट्टीवाल्याचं बिनसलं. हुकमावर थट्टा करायची म्हणजे ती नोकरीच झाली. गोळे वळणारे दोघे जण होते, ते म्हणायला लागले, "वहिनींची कणीक आली, भोंगा वाजवा रे." लोकांना नावं ठेवता ठेवता त्याला स्वतःला कधी नाव पडलं नव्हतं. आता पडलं. भोंगा. रस्त्यानं जाताना कुणी नुसतं "पोंऽ" केलं तरी त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढायचं. वहिनी त्याच्या डब्यात आदल्या दिवशीचा चांगला भाजलेला पाव ठेवायच्या. तो पावाकडं असा बघायचा, जणू त्यात काही लपवलंय. ह्या बाईनं आपल्याला उचललं की पाडलं, हे त्याला समजत नव्हतं. मला तरी कुठं समजलंय.

अशात धाकट्यांनी तो नवा माणूस आणला. "नुसतं बघून जाऊ दे," म्हणाले. जाडजूड दंडांचा, बाह्या वर सारलेला माणूस. काथवटीच्या बाजूला उभा राहिला. वहिनी समजल्या.  कणीक झाकली आणि बादली घेऊन पाण्याला गेल्या.

"आता बघा गंमत," गोळे वळणारा एक जण नव्या माणसाला म्हणाला. "आमच्याकडं मिठाला भोंगा होतो."

नवा माणूस मोठ्यानं हसला. ओळखीच्या माणसाचं हसणं एक वेळ सोसतं. हा परका होता.  त्या दोघांनी नव्या माणसाला पत्रे दाखवायला नेलं, धाकटे दुकानाकडं वळले, तेवढ्यात भट्टीवाला काथवटीपाशी आला. वाटीतलं मीठ एप्रनच्या खिशात ओतलं, वाटी पालथी घातली आणि भट्टीकडं जाऊन तोंड आत घातलं. ठरवून केलं की हातानंच केलं, हे त्याला पुढंही सांगता आलं नाही.

वहिनी आल्या. फडकं काढलं. कणीक वर आलेली. मान वर केली तर वाटी पालथी.

त्या बराच वेळ वाटीकडं बघत राहिल्या. धाकटे परत येऊन उभे होते, नवा माणूस उभा होता.

"दादा," वहिनींनी विचारलं, "मी मीठ घातलं?"

भट्टीवाल्यानं वळून न बघता सांगितलं, "घातलंत की मघाशी. वाटी दिसत नाही का?"

"चाखून बघा ना," नवा माणूस म्हणाला. त्याला यात अवघड काय तेच कळेना.

"वहिनी, चाखा," धाकटे म्हणाले. "सगळ्यांचाच खोळंबा नको."

वहिनींनी हात कणकेत घातले होते. "दादा इथंच होते," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात घातलं, म्हणजे घातलं." आणि मळायला लागल्या.

या जागेवर आमच्या गल्लीत खूप वाद झाले. काहींचं म्हणणं, बाई भोळी. काहींचं म्हणणं, बाई पक्की. तिनं ओळखलं होतं आणि त्याला घोळात घेतलं. बिनमिठाची कणीक हाताला सैल लागते, चिकटते. इतके दिवस मळणाऱ्या हाताला ते कळलं नसेल? आणि त्या दिवशी तिनं हाकही मारली नव्हती, भोंगाही झाला नव्हता, ते? जाऊबाईंनी पुढं विचारलंच. वहिनी म्हणाल्या, "चिकटत होती ग. पण ते म्हणाले ना." जाऊबाई म्हणाल्या, "आणि काथवट गेली असती म्हणजे?" वहिनी म्हणाल्या, "जाईल असं वाटलं होतंच. पण चाखलं असतं तर सगळ्यांसमोर ते खोटे ठरले असते. नसतील खोटे तरी मी त्यांना खोटं समजले असं झालं असतं. काय करायचं मग?" हे उत्तर आहे की प्रश्न, हे जाऊबाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गोळे वळले गेले. पत्र्यांवर ओळीनं बसले, फुगले. पत्रे भट्टीपाशी आले. भट्टीवाल्यानं लांब फळीवर पहिला पत्रा घेतला, भट्टीच्या तोंडाशी नेला आणि तिथंच थांबला. आगीचा उजेड त्याच्या त्या बिनभुवयांच्या चेहऱ्यावर हलत होता. त्यानं पत्रा मागं घेतला. पुन्हा पुढं नेला. पुन्हा मागं घेतला.

"काय झालं?" धाकटे म्हणाले.

"हे आत जाणार नाहीत."

"का?"

"मीठ नाही यात."

"तुला काय ठाऊक?"

भट्टीवाल्यानं पत्रा खाली ठेवून फळी भिंतीला टेकवली. "माझ्या खिशात आहे," तो म्हणाला, आणि खिसा उलटा केला. मीठ फरशीवर पडलं. आधी कुणाला काही कळेना. मग नवा माणूस हसला, मग गोळे वळणारे हसले, पुढं दुकानात बातमी गेली आणि तिथली रांगही हसली. खिशात मीठ, खिशात मीठ, असं रांगेच्या शेवटापर्यंत गेलं. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गोळे उचलून पुन्हा काथवटीत टाकायला लागल्या होत्या.

राग आता कुणावर काढावा हेच धाकट्यांना कळेना. वहिनींची चूक म्हणावी तर त्यांची नव्हती. नव्हती म्हणावी तर चाखायला सांगूनही त्यांनी चाखलं नव्हतं. शेवटी ते भट्टीवाल्याला म्हणाले, "तू जा. परत येऊ नकोस."

भट्टीवाल्यानं एप्रन काढला, घडी घालायला लागला, घडी जमेना, तसाच चुरगळून खिळ्याला अडकवला आणि रांगेच्या हसण्यामधून बाहेर पडला. दुकानातल्या काउंटरला त्याचा पाय लागला. त्यानं मागं पाहिलं नाही.

वहिनींनी डब्यातलं मीठ पाण्यात विरघळवलं, कणकेत जिरवलं. नेहमीसारखे हात चालत होते. कणीक घट्ट झाली, काठाची सुटली. त्यांनी ओलं फडकं पसरलं, कडा खाली दाबल्या. आता तिला पुन्हा वर यायला वेळ लागणार होता. त्यांनी हात झटकले आणि दुकानाकडं निघाल्या.

"कुठं?" धाकटे म्हणाले.

"दादांना बघून येते. त्यांचं घर लांब आहे, वाटेत गाठायला हवं."

"वहिनी, ऐका. त्यानं तुमचीच जागा घालवायला हे केलं."

"हो ना."

"मग?"

वहिनी थांबल्या.  "मला नीट सांगता नाही येत, भाऊजी. त्यांना वाटलं असेल मी त्यांच्यावर हसतेय. इतके दिवस ते तसं समजत राहिले आणि मला कळलंच नाही."

"तुम्ही आत्ता गेलात," धाकटे शांतपणे म्हणाले, "तर काथवटीपाशी हा उभा राहील. मग उद्या मला काही म्हणू नका."

वहिनींनी नव्या माणसाकडं पाहिलं. घाबरल्या होत्या, ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. "फडकं कोरडं पडू देऊ नका," त्या त्याला म्हणाल्या. "कडेनं पाणी शिंपडत राहा."

आणि निघाल्या. कोपरापर्यंत पीठ, एप्रन तसाच. रांग बाजूला झाली.

"वहिनी, पाव?" कुणी तरी विचारलं.

"वर येतोय. थांबा थोडं."

कुणी हसणार होतं, पण कशावर ते ठरेना. त्या रस्त्याच्या कडेनं भराभर चालत गेल्या, मधे एकदा थांबून वाट कुठली ते कुणाला तरी विचारलं, आणि पुढं गेल्या. धाकटे दुकानाच्या पायरीवर उभे राहून बघत होते. जाऊबाई काउंटरवरून अर्धवट उठून बघत होत्या. मागं काथवटीपाशी तो नवा माणूस, वर सारलेल्या बाह्यांनी, हातात पाण्याचं भांडं घेऊन उभा. मधल्या दारातून त्याला रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. त्यानं फडक्याचा कोपरा उचलला, परत ठेवला, कडेनं थोडं पाणी शिंपडलं, आणि वहिनी वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत त्या तुकड्याकडं बघत राहिला.